पडद्यावरची खाष्ट सासू

मुलांनो, तुम्ही सिनेमा पाहता. कोणी टीव्हीवर पाहते, कोणी मोबाइलवर, तर कोणी ईदच्या सुट्टीत भावंडांबरोबर टॉकीजला जाऊन पाहते. पाहता पाहता एखाद्या पात्राचा तुम्हाला फार राग येतो. पडद्यावरची सासू गरीब सुनेच्या पुढचे ताट ओढून घेते आणि इकडे आपल्या मुठी आवळल्या जातात. ही खरी गोष्ट नाही, ती बाई नुसता अभिनय करते आहे, हे आपल्याला ठाऊक असते. चित्रीकरण संपल्यावर ती सासू आणि ती सून शेजारी बसून चहा पीत असतील, हेही आपण जाणतो. तरीही राग यायचा तो येतोच.

असे का होते? याचा विचार करायचा असेल, तर एका बाईंची ओळख करून घेतली पाहिजे. त्यांचे नाव ललिता पवार. तुमच्या घरी दादी किंवा नानी असतील, तर त्यांच्यासमोर हे नाव घेऊन पाहा. बहुधा त्या आधी कपाळाला आठ्या घालतील आणि मग हसतील. मराठी घरांत तर एखादी सासू फार कडक असली, की ती अगदी ललिता पवार आहे असे म्हणण्याची रीतच पडून गेली होती. सुनेला टोचून बोलणाऱ्या, तिला सुखाचा घास खाऊ न देणाऱ्या सासूला मराठीत खाष्ट सासू म्हणतात. ललिताबाईंनी हा शब्द जणू आपल्या नावावर करून घेतला होता.

गोदावरी नदी तुमच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. याच नदीच्या काठी, थोडे वरच्या बाजूला, पैठण हे जुने गाव आहे. पैठणी हे रेशमी, जरीच्या काठापदराचे लुगडे या गावाच्या नावावरून ओळखले जाते. पुढे ही पैठणी नाशिक जिल्ह्यातल्या येवला या गावी मोठ्या प्रमाणावर विणली जाऊ लागली. १८५७ च्या उठावातले सेनानी तात्या टोपे यांचा जन्म याच येवल्याचा. या गावात १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव शगुन यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव अंबा. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. घरात पैशाची ददात नव्हती; पण मुलींना शाळेत पाठवणे त्या काळी अनेकांना बरे वाटत नसे. अंबाही शाळेत गेली नाही.

ती गेली सिनेमात. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसे ओठ हलवत, पण आवाज येत नसे. काय चालले आहे ते कळावे म्हणून मध्येमध्ये पडद्यावर लिहिलेल्या पाट्या दाखवत. अशा चित्रपटांना मूकपट म्हणतात. १९२८ साली निघालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात अंबाने बालकलाकार म्हणून काम केले. दादासाहेब फाळके यांचा याच नावाचा प्रसिद्ध चित्रपट १९१३ सालचा, तो वेगळा. फाळक्यांच्या त्या चित्रपटात राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कोणी बाई तयारच होईना. त्यानंतर फार वर्षे लोटली नव्हती. तेव्हा घरंदाज व्यापाऱ्याच्या मुलीने सिनेमात जाणे ही साधी गोष्ट नव्हती, हे लक्षात घ्या.

मूकपटात काम करणाऱ्या नटाजवळ आवाज नसतो. राग आला तर ओरडता येत नाही, दुःख झाले तर हुंदका ऐकवता येत नाही. जे सांगायचे ते डोळ्यांनी, ओठांनी, हातांनी आणि चालण्याने सांगायचे. एक छोटा प्रयोग करा. तोंडाने एक शब्दही न काढता आपल्या मित्राला सांगा की तुम्हाला त्याचा राग आला आहे. पण तो गेला तर वाईटही वाटेल. किती अवघड जाते पाहा. ललिताबाई हे लहानपणीच शिकल्या. हे शिक्षण पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले, आणि तेही अशा रीतीने की कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा चित्रपट लागला आणि हिंदुस्थानचा सिनेमा बोलू लागला. तो बोलू लागला तो तुमच्या ओळखीच्या भाषेत. त्या वेळच्या चित्रपटांची नावेच पाहा ना. ललिताबाईंचा १९३५ सालचा एक चित्रपट होता 'हिम्मत-ए-मर्दां'. या नावाने सुरू होणारी म्हण तुम्हाला पाठ असेल. येवल्याच्या मराठी मुलीला आता हिंदुस्थानी भाषेतले संवाद म्हणायचे होते, आणि ते त्यांनी पुढे सुमारे सहा दशके म्हटले. अंबाचे नाव केव्हाच मागे पडले होते. पडद्यावर त्या ललिता झाल्या, लग्नानंतर पवार झाल्या, आणि तेच नाव कायम राहिले. त्या नुसत्या नटी नव्हत्या. १९३२ सालच्या 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. १९३७ साली 'दुनिया क्या है' हा बोलपटही त्यांनी काढला.

या सगळ्या काळात त्या नायिका होत्या. म्हणजे सिनेमातली सुंदर, तरुण मुलगी, जिचे शेवटी नायकाशी लग्न होते. देखण्या चेहऱ्याची, दोन टपोऱ्या डोळ्यांची नायिका. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. कारण तुमच्या दादी-नानींनीही बहुधा त्यांना तशा रूपात कधी पाहिलेले नाही.

१९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आज़ादी' नावाच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात नायिकेला थप्पड मारायची होती. मारणारे नट होते मास्टर भगवान, ज्यांना आपण भगवानदादा म्हणून ओळखतो. पुढे १९५१ साली 'अलबेला' चित्रपट काढणारे आणि आपल्या नाचाने साऱ्या देशाला हसवणारे तेच भगवानदादा. सिनेमात थप्पड खोटी मारायची असते. हात गालाजवळून जातो, मार खाणारा मान झटकतो आणि आवाज नंतर घातला जातो. पण त्या दिवशी हात जोरात लागला. इतका जोरात, की ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली.

भगवानदादांच्या मनात काही वाईट नव्हते. तो अपघात होता. पण अपघात झाला म्हणून दुखापत कमी होत नाही. काही वर्षे उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला. डावा डोळा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तो बारीक झाला, अर्धवट मिटल्यासारखा राहिला.

त्या वेळी ललिताबाईंचे वय होते सव्वीस. विचार करा, सुताराचा हात गेला, गवयाचा गळा गेला, तर त्याने काय करावे? नटीचा चेहरा हेच तिचे हत्यार. ज्या चेहऱ्यावर त्यांची भाकरी होती तोच बदलून गेला होता. नायिकेची कामे आता मिळणे शक्य नव्हते. सिनेमाच्या धंद्यात अशा वेळी कोणी कोणासाठी थांबत नाही. नव्या मुली रांगेत उभ्याच असतात. ललिताबाई घरी बसल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्या घरी बसल्या नाहीत. नायिकेचे काम नाही, तर दुसरे काम. १९४४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला. पेशव्यांच्या दरबारातील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची ती गोष्ट. ललिताबाई त्यात आनंदीबाई झाल्या. १७७३ साली तरुण नारायणराव पेशव्यांचा पुण्यात शनिवारवाड्यात खून झाला. नारायणरावांना धरावे असा हुकूम निघाला होता आणि त्यांची चुलती आनंदीबाई हिने एक अक्षर बदलून 'धरावे'चे 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून मराठीत 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आला. कागदावरचे एक अक्षर बदलून माणसाचा घात करणे, असा त्याचा अर्थ. उर्दू लिपीत 'महरम' आणि 'मुजरिम' या शब्दांत फक्त एका नुक्त्याचा फरक आहे, तसेच हे. अशा बाईची भूमिका करताना ललिताबाईंना आपल्या बदललेल्या चेहऱ्याचा उपयोग कळू लागला असावा, असे मला वाटते.

हा उपयोग कसा, ते नीट समजून घ्या. नाटकात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते, म्हणून तो आवाज चढवतो, हात पसरतो. सिनेमात कॅमेरा जवळ येतो. नटाचा चेहरा पडद्यावर भिंतीएवढा होतो. भिंतीएवढ्या चेहऱ्यावर पापणी जराशी हलली, तरी ती एखादे दार बंद व्हावे तशी दिसते. ललिताबाईंनी तो अर्धवट मिटलेला डोळा लपवला नाही. उलट त्यालाच कामाला लावले. समोरच्याकडे तिरपी मान करून पाहायचे, एक डोळा बारीक, दुसरा रोखलेला. ओठ थोडे मुडपलेले. बोलण्याची गरजच उरत नसे. बोलल्या की आवाज असा कापरासारखा भडके, की पडद्यावरची सूनच काय, पाहणाऱ्याच्याही छातीत धस्स होई. मूकपटात शिकलेली चेहऱ्याने बोलण्याची विद्या आणि अपघाताने बदललेला तो चेहरा, दोन्ही एकत्र आली.

१९५० साली व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला. दहेजला मराठीत हुंडा म्हणतात. गोष्ट साधीच आहे. मुलीचे लग्न होते, हुंडा मनासारखा मिळाला नाही म्हणून सासू तिचा छळ करते. सून झाली होती जयश्री. तिचे वडील झाले होते पृथ्वीराज कपूर. सासू अर्थातच ललिता पवार. वडील आपले सर्व काही विकून शेवटी हुंड्याच्या वस्तू घेऊन येतात, तेव्हा मुलगी मरणाच्या दारात असते. ती त्यांना सांगते की तुम्ही सगळे आणले, पण एक वस्तू आणायची राहून गेली. ती वस्तू म्हणजे कफन.

आता मला सांगा, या प्रसंगाला लोक का रडले? पृथ्वीराज मोठे नट होते, जयश्रीचे कामही चांगले होते, हे खरे. पण सासू जर लुटुपुटूची असती, तिचा धाक पाहणाऱ्याला वाटलाच नसता, तर सुनेचे अश्रू पोकळ वाटले असते. अशी काय मोठी सासू आहे, चार शब्द सुनावून माहेरी निघून जा की, असे लोकांनी मनात म्हटले असते. सुनेचे दुःख खरे वाटते, कारण सासूचा दुष्टपणा खरा वाटतो. तराजूच्या एका पारड्यात पुरेसे वजन असेल, तरच दुसरे पारडे वर उचलले जाते. पुष्कळ लोक चित्रपट पाहून आले की नायक-नायिकेचीच तारीफ करतात. ज्याने सबंध खेळ तोलून धरला, त्याच्या नावाने फक्त बोटे मोडतात. खरी गंमत म्हणजे, ती मोडलेली बोटे हीच त्या नटाची खरी कमाई.

त्या वेळी आपल्याकडे हे चित्रपट कसे पाहिले जात? बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली होती. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. निजामाच्या काळात संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. त्यामुळे हिंदुस्थानी बोलपटांची भाषा इकडच्या माणसांना परकी नव्हती. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यालाही ती समजे. मोठ्या गावी टॉकीज असे. लहान गावांत जत्रेला, उरुसाला तंबूतला सिनेमा येई. त्याला टुरिंग टॉकीज म्हणत. माती झाडून सारखी केलेली जमीन, मध्ये पडदा लावून एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. चित्रपट दाखवायचे यंत्र एकच असले, की एक रीळ संपल्यावर दुसरे चढवेपर्यंत खेळ थांबे. तेवढ्या वेळात बायकांच्या बाजूने सासूचा उद्धार सुरू होई. कोणी तिला शिव्याशाप देई, कोणी तिच्या नावाने कडाकडा बोटे मोडी. त्यांतल्या कितीजणींच्या घरी तशीच सासू असेल! तिला तोंडावर काही बोलता येत नसे. पडद्यावरच्या सासूला मात्र बोलता येत होते. ललिताबाईंनी अशा हजारो सुनांचा राग आपल्या अंगावर घेतला. हुंडा घेण्यादेण्याला बंदी करणारा कायदा देशात १९६१ साली झाला. 'दहेज' त्याच्या अकरा वर्षे आधीचा.

पण इथे मला एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे. एकदा बारीक डोळा आणि दुष्ट सासू अशी जोडी जमली, की निर्माते पुन्हा पुन्हा तीच भूमिका घेऊन येऊ लागले. जणू ज्याच्या चेहऱ्यात काही उणे, त्याच्या मनातही काही काळे असणारच! आपल्या गोष्टींत ही खोड जुनी आहे. राजाच्या कानाशी लागणारी दासी कुबडी, कपटी वजीर तिरळा. खऱ्या आयुष्यात असे काही नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि तुमच्या वर्गात एखाद्या मुलीचा डोळा बारीक असेल, तर तिला कोणत्या नावाने चिडवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ललिताबाईंना ही चौकट मोडण्याची संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय केले, ते आता पाहू.

१९५५ साली राज कपूर यांचा 'श्री ४२०' आला. त्यात ललिताबाई मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई झाल्या. साधे लुगडे, पुढ्यात केळ्यांची पाटी. बाहेरगावाहून आलेला, खिशात पैसे नसलेला एक तरुण त्यांच्याशी बोलायला येतो. गंगामाई त्याच्यावर खेकसतात. तोच डोळा, तोच चढलेला आवाज. पाहणाऱ्याला वाटते, आता ही याला हाकलून देणार. आणि मग त्या खेकसण्यातूनच माया पाझरू लागते. आवाज तोच राहतो, फक्त त्याच्या तळाशी काहीतरी वेगळे ऐकू येते. फणसाला बाहेरून काटे असतात आणि आत गरे. गंगामाई तशी होती.

त्याच वर्षी गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या मधुबालाच्या करारी, श्रीमंत आत्या झाल्या होत्या. एकाच वर्षात एक बंगल्यातली आणि एक रस्त्यावरची. चेहरा तोच, आणि तरीही एकीला पाहताना दुसरीची आठवण होत नाही.

मग १९५९ साली हृषीकेश मुखर्जी यांचा 'अनाड़ी' आला. ललिताबाईंच्या कामांपैकी एकच पाहायचे असेल, तर मी तुम्हाला हे पाहायला सांगेन. त्यात त्या मिसेस डिसा नावाच्या ख्रिस्ती बाई आहेत. अंगात झगा, घरात एकट्या. त्यांच्याकडे एक गरीब, भोळा तरुण भाड्याने राहतो. ती भूमिका राज कपूरची. मिसेस डिसा त्याच्यावर दिवसभर आरडाओरड करतात. भाडे थकले म्हणून ओरडतात, उशीर झाला म्हणून ओरडतात. आणि हा जेवला की नाही, याची काळजीही त्यांनाच. रागाच्या आड माया लपवणारी अशी एखादी फुफू किंवा खाला तुमच्याही घरी असेल. बोलताना तोंडाचा पट्टा चालू, आणि हाताने मात्र ताटात आणखी एक पोळी वाढलेली.

पुढे गोष्टीत साथीचा ताप येतो. मिसेस डिसा आजारी पडतात. औषध आणले जाते, पण ते औषधच वाईट निघते आणि त्या मरतात. ज्या मोठ्या माणसाच्या कंपनीत ते औषध बनले, तो सुखरूप राहतो आणि खुनाचा आळ त्या भोळ्या तरुणावर येतो. ज्या बाईचा आवाज ऐकून कान किटले होते, ती गेल्यावर ते घर असे सुने वाटते, की पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. त्या वेळी लोकांना उमगले, की ज्या बाईचा आपण इतकी वर्षे तिरस्कार केला, तिच्यासाठी आपण रडतो आहोत. या भूमिकेबद्दल ललिताबाईंना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचाही पुरस्कार मिळाला. ज्या मुलीला शाळा मिळाली नाही, तिच्या अभिनयाचा देशाच्या अकादमीने गौरव केला.

त्यानंतरची कामे मोजत बसलो, तर पाठ संपायचा नाही. त्यांनी शेकडो चित्रपटांत काम केले. १९६१ च्या 'जंगली'त त्या श्रीमंत घरातल्या, कोणाला हसूही न देणाऱ्या आई झाल्या. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये तर त्यांनी आपल्याच खाष्टपणाची थट्टा केली. त्या एका कडक पालक-आत्याचे काम करतात. शम्मी कपूर नकली दाढी लावून म्हातारा प्रोफेसर बनून त्या घरात शिकवायला येतो, आणि ही कडक बाई त्या नकली म्हाताऱ्यावर भाळते! आरशासमोर उभी राहते, नटते, लाजते. ज्या डोळ्याने सुनांना कापरे भरवले, तोच डोळा आता लाजून खाली जातो. थिएटरात हसून हसून पुरेवाट होई. मात्र हसताहसता त्या एकट्या बाईची थोडी कीवही येई. हसवता हसवता कीव आणणे हे रडवण्यापेक्षा अवघड आहे.

हृषीकेश मुखर्जी मिसेस डिसांना विसरले नव्हते. १९७१ सालच्या 'आनंद'मध्ये ललिताबाई रुग्णालयातल्या कडक मेट्रन झाल्या आणि त्यांचे नाव पुन्हा तेच ठेवले, डिसा. आजारी आनंद, म्हणजे राजेश खन्ना, आपल्या बडबडीने या कडक बाईलाही आपलेसे करतो. बाहेरून काटे, आत गरे, पुन्हा एकदा.

मग टीव्ही आला. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' ही मालिका दाखवू लागले. रामायणात मंथरा नावाची एक दासी आहे. राणी कैकेयीचे मन मुळात चांगले असते. मंथरा तिचे कान भरते, आणि त्यामुळे रामाला चौदा वर्षे वनवासात जावे लागते. कान भरणे हा वाक्प्रचार मराठीत आणि उर्दूत अगदी एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. १९६१ सालच्या 'संपूर्ण रामायण' या चित्रपटात ललिताबाई मंथरा झाल्या होत्या. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पुन्हा मंथरा झाल्या. त्या वेळी सगळ्या घरांत टीव्ही नव्हता. ज्याच्या घरी असे, त्याच्याकडे सगळी गल्ली जमे. घरात जागा नसली, तर मुले खिडकीला लटकत. हिंदूंच्या घरी मुसलमान शेजारी येऊन बसत, मुसलमानाच्या घरी टीव्ही असला तर हिंदू शेजारणी चपला दाराशी काढून आत येत. रस्ते सामसूम होत.

वाकलेली पाठ, हातात काठी आणि तो डोळा. मंथरा कैकेयीच्या कानाशी लागते, तेव्हा तिचा आवाज चढलेला नसतो. इतकी वर्षे ओरडून धाक दाखवणाऱ्या ललिताबाई इथे हळू बोलतात. गोड बोलतात. मध्येच थांबतात, समोरचीचा चेहरा न्याहाळतात आणि मग पुढचा शब्द टाकतात, विहिरीत खडा टाकावा तसा. ते हळू बोलणे ओरडण्यापेक्षा जास्त भीतिदायक होते. कैकेयीचे मन पालटते ते आपल्याला पटते, कारण मंथरेचे बोलणे ऐकताना क्षणभर आपल्यालाही तिचे म्हणणे खरे वाटू लागते. इथे बोलणारी जर कच्ची असती, तर कैकेयी मूर्ख वाटली असती, आणि पुढचा वनवास खोटा.

ही मालिका ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. लोकांना तेव्हाही ललिताबाईंचा राग येई; ज्यांचे आईवडील तंबूत बसून त्यांच्या नावाने बोटे मोडत होते, ती मुले आता टीव्हीपुढे बसून तेच करत होती.

शेवटच्या काळात ललिताबाई पुण्यात औंध येथे राहत असत. प्रकृती ठीक नव्हती. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय एक्क्याऐंशी वर्षांचे होते. भगवानदादा त्यांच्यानंतर चार वर्षांनी, २००२ साली गेले.

२०२० साली टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या, सगळे घरात अडकून पडले. तेव्हा दूरदर्शनने ती जुनी मालिका पुन्हा दाखवली. तुमच्यापैकी काही जण तेव्हा फारच लहान असतील. काठी टेकत मंथरा पुन्हा पडद्यावर आली. तिला जाऊन बावीस वर्षे झाली होती. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाला तिचे खरे नाव ठाऊक नव्हते, येवला ठाऊक नव्हते, ती थप्पडही ठाऊक नव्हती. तिने तिरपी मान करून एक डोळा बारीक केला, आणि सोफ्यावर, चटईवर, खाटेवर बसलेली ती मुले आपल्या नकळत आईच्या जवळ सरकून बसली.